बाबांची तोंडी परीक्षा

१२ जुलै

ठकूबाई,

आशीर्वाद घे, आणि सोबत पाठीत एक धपाटाही घे. बापाला फोन करायचा सोडून पत्रं लिहायला लावतेस. म्हणे, "फोनवर तुम्ही मला बोलूच देत नाही. मी तोंड उघडलं की पुढचं तुम्हीच सांगून मोकळे." अगं, तीस वर्षं बस स्थानकाच्या चौकशीच्या खिडकीत बसलो मी. समोर ही रांग, मागे भोंगे. माणसाने "ती सकाळची..." एवढं म्हटलं की मी "फलाट तीन, सव्वासात" सांगून पुढच्याकडे बघायचो. प्रत्येकाचं पूर्ण ऐकत बसलो असतो तर निम्म्या लोकांच्या बस चुकल्या असत्या. पण ठीक आहे, पत्र तर पत्र. मलाही हल्ली दिवसभर लिहायचीच सवय झाली आहे.

विद्यापीठातला वर्ग सुरू झाला. 'उच्च मध्यम जपानी', म्हणजे मागच्या वर्षी ज्यात मी सपशेल आपटलो तोच. वर्गात सगळी विशीतली पोरं. मला काका म्हणतात आणि खिडकीजवळची खुर्ची राखून ठेवतात. शेजारी एक चष्मेवाली मुलगी बसते. तिचं अक्षर छापल्यासारखं आणि माझं डॉक्टरच्या चिठ्ठीसारखं. शिकवणाऱ्या मॅडम तुझ्यापेक्षा लहान असतील. त्यांना सेन्सेई म्हणायचं, मान जरा झुकवून.

तुझी आई गेल्यावर संध्याकाळ घालवायला म्हणून मी या भाषेच्या नादी लागलो, तेही चित्रकलेचा वर्ग भरला होता म्हणून. सुरुवातीला काय मजा होती. "हे पुस्तक आहे, ती खुर्ची आहे," की लगेच टाळ्या. आता वर्तमानपत्रातला अग्रलेख समोर टाकतात. वाक्य चार ओळींचं, आणि त्यातली चित्रलिपी अशी की कालचं अक्षर आज ओळख दाखवत नाही. माणूस ना नवशिका राहतो ना जाणकार होतो, नुसता घाम गाळत राहतो. सेन्सेई म्हणतात, बहुतेक लोक इथेच सोडून देतात. मी सोडणार नाही.

आपली अट लक्षात आहे माझ्या. यंदाही नापास झालो तर विद्यापीठातली जागा जाणार, आणि मग कुरकुर न करता मी घर आवरून कायमचा तुझ्याकडे राहायला येणार. तू म्हणालीस, मी हो म्हणालो. पण पास झालो तर पुन्हा हा विषय काढायचा नाही.

तुझा,
बाबा


२६ जुलै

बाबा,

धपाटा पोचला. पाठ अजून शाबूत आहे.

अट माझ्याही लक्षात आहे, तुम्ही ती विसरू नका म्हणजे झालं. मागच्या वर्षी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तुम्ही घराचं रंगकाम काढलं होतं. यंदा रंग नाही, नळ दुरुस्ती नाही, सोसायटीच्या भांडणात पंच होणं नाही. अभ्यासाला बसायचं. आणि चष्म्याचा नंबर तपासून घ्या. चित्रलिपी ओळख दाखवत नाही त्याला कदाचित तेच कारण असेल.

इकडे दातांच्या लॅबमध्ये कामाचा डोंगर आहे. आमच्यातली एक बाई सोडून गेली, तिच्या वाटच्या कवळ्याही माझ्याच टेबलावर येतात. दिवसभर माझ्यापुढे बत्तीसच्या बत्तीस दात मांडलेले असतात आणि बोलणारं कुणी नाही. तुमचे जावई हल्ली कामासाठी बाहेरगावीच असतात. असो.

इथे आलात तर बरं होईल. दक्षिणेची खोली उजेडाची आहे, टेबलही आहे. मी काही नापास व्हा म्हणत नाही. पण म्हातारपणी कशाला जिवाला एवढी... असो.

तुमची,
ठकू


१४ ऑगस्ट

ठकू,

म्हातारपण कुणाचं म्हणालीस? मला अजून बोळ्याने दूध पाजायची वेळ आलेली नाही. तुझ्या मनात काय आहे ते कळतं मला. बाप एकटा आहे, पडला बिडला तर कोण बघणार, त्यापेक्षा डोळ्यांसमोर असलेला बरा. तुझ्या उजेडाच्या खोलीत मला कुंडीसारखं ठेवायचं आणि वेळच्या वेळी पाणी घालायचं. नको. जावयांना म्हणावं, काम जपून करा, बाहेरचं खाणं टाळा.

आता आनंदाची बातमी ऐक. यंदा एक मोठा प्रकल्प आहे. वीस मिनिटं एखाद्या जपानी माणसाशी बोलायचं, त्याचं रेकॉर्डिंग करायचं, आणि मग त्यातला शब्द न् शब्द कागदावर उतरवायचा. कोण कुठे थांबलं, कोण खाकरलं, सगळं. याला एकूण गुणांच्या जवळपास निम्मे गुण आहेत. मुलं संगणकावरून तिकडची माणसं शोधत बसली. मी खालच्या शिंप्याला विचारलं. त्याला गावातली सगळी माणसं मापासकट माहीत. तो म्हणाला, अग्निशमन केंद्रामागच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक जपानी आजी राहतात, दरवर्षी कोट मापाने कमी करून घेतात. यजमान बोटीवर इंजिनियर होते, ते वारून बरीच वर्षं झाली.

गेलो. आजी एवढीशी, पण ताठ. आधी नको नको म्हणाल्या, मग माझा चेहरा बघून आत घेतलं. काय सांगू ठकू, गप्पा अशा रंगल्या की वीस मिनिटं कुठे गेली कळलं नाही. एकदाही अडखळलो नाही. त्यांनी वाक्य सुरू करायचा अवकाश, पुढचं मला कळत होतं. आपल्यासारखंच त्यांचं क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे ओघ कुठे चाललाय ते आधीच दिसतं. चष्मेवाली म्हणाली, काका, तुम्ही बाजी मारणार.

तेव्हा तुझी ती खोली भाड्याने दिलीस तरी चालेल.

बाबा


३ सप्टेंबर

बाबा,

अभिनंदन. बाहेरचं कुणी काही खात नाहीये, काळजी नसावी.

घराचं कुलूप बदलून घेतलं. जुनी किल्ली तुमच्याकडे आहे ती आता चालणार नाही, नवीन पाठवते कधीतरी.

कामावर परवा एका बाईंची पूर्ण कवळी बिघडवली. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. मला कसंतरीच... असो. एक विचारायचं होतं. तुमच्या घरातली मागची खोली आहे ना, ती अजून तशीच आहे का, की तुम्ही... जाऊ दे. सहज विचारलं.

तब्येत सांभाळा.

ठकू


९ सप्टेंबर

ठकू,

सहज विचारलं म्हणे. मी काय दुधखुळा आहे? मागच्या खोलीत माझे शब्दकोश आहेत, अक्षरांची कार्डं आहेत, आणि ती तशीच राहणार आहे. परीक्षा व्हायच्या आधीच घर विकायचा हिशेब मांडायला बसलीस की काय तुम्ही दोघं? जावयांच्या डोक्यातलं दिसतंय हे. त्यांना म्हणावं, सासरा अजून हिंडता-फिरता आहे.

आज माझं डोकं ठिकाणावर नाही, तेव्हा जास्त लागलं तर सोडून दे. सेन्सेईंनी माझं रेकॉर्डिंग परत केलं. गुण नाहीत. मी विचारलं, का? भाषेत चूक आहे? म्हणाल्या, "भाषा ठीक आहे. पण या वीस मिनिटांत आजी बोलल्याच कुठे आहेत? तुम्ही घरी जाऊन हे पुन्हा ऐका आणि अक्षर न् अक्षर उतरवा. मग मला सांगा."

घरी आलो, कानाला लावलं आणि लिहायला बसलो. तुला मराठीत नमुना देतो.

आजी: लग्न करून आम्ही इथे आलो, आणि पहिल्या वर्षी यजमान...
मी: बोटीवर गेले.
आजी: हं.
मी: तुम्हाला एकटं वाटलं असेल.
आजी: हं. म्हणजे, ते...
मी: साहजिकच आहे. नवीन देश, भाषा येत नाही.
आजी: हं.

सबंध वीस मिनिटं हे असं. त्यांच्या वाट्याला नुसते "हं". मला वाटत होतं, काय छान होकार देतायत. लिहिता लिहिता माझे कान गरम झाले. बाई एक पाऊल टाकते की हा गडी तिला उचलून तिसऱ्याच फलाटावर नेऊन उभी करतो.

सेन्सेई म्हणाल्या, त्या पिढीची पुष्कळ माणसं अवघड गोष्ट सांगताना वाक्य अर्ध्यावर ठेवतात. ऐकणाऱ्याने मान हलवायची आणि थांबायचं. बोलणाऱ्याला पुढे जायचं असेल तर तो जातो. तुम्ही त्यांना जायलाच देत नाही. मुदत महिनाअखेरपर्यंत वाढवून दिली आहे. पुन्हा करा म्हणाल्या, नाहीतर प्रकल्पात शून्य, आणि शून्यावर पास होता येत नाही.

मी करणार आहे. तोंडाला टाका घालावा लागला तरी चालेल.

बाबा


१ ऑक्टोबर

ठकू,

तुझं उत्तर आलं नाही. मागचं पत्र मी फारच तिखट लिहिलं. तरी हे आधी पूर्ण वाच.

आजी दुसऱ्यांदा तयार नव्हत्या. शिंप्याकडे निरोप ठेवला होता की त्या गृहस्थांचं बोलणं ऐकून माझं डोकं दुखतं. दोनदा दारातून परत आलो. तिसऱ्यांदा गेलो आणि सरळ सांगितलं, मागच्या वेळी मी तुम्हाला बोलू दिलं नाही, या वेळी फक्त ऐकेन. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. मग लोकरीची एक लड आणली, माझ्या दोन्ही मनगटांवर अडकवली आणि समोर बसून तिचा गुंडा करायला लागल्या. हात अडकलेले, हलायची सोय नाही.

मी तोच प्रश्न विचारला. पहिल्या वर्षी यजमान...? आजी थांबल्या. ठकू, ती शांतता मला सोसवेना. जिभेवर चार उत्तरं तयार होती. पायाचा अंगठा जमिनीत रुतवला आणि बसलो. लोकर फिरत होती. खाली कुणीतरी गाडी धुत होतं. आणि मग त्या बोलल्या.

म्हणाल्या, "पहिल्या वर्षी यजमान घरातच होते. बोटीवरून त्यांना काढून टाकलं होतं. पलीकडच्या खोलीत बसून असायचे, माझ्याशी अवाक्षर बोलायचे नाहीत. मी शेजारीपाजारी सांगायचे, बोटीवर गेलेत. पुढे त्यांना गोदीत काम मिळालं, आणि मग आमचं चांगलं झालं. पण त्या वर्षाबद्दल मला कुणी विचारलं नाही. सगळ्यांना वाटायचं, त्यांना माहीत आहे."

मी विचारलं, हे कागदावर उतरवू का, की गाळू? म्हणाल्या, लिही. आता लाजायला कोण उरलंय.

घरी येऊन सगळं उतरवलं. दोन दिवस लागले. आणि उतरवताना मला घाम फुटला, पण तो चित्रलिपीने नव्हे. मी उठलो आणि तुझी पत्रं काढून बसलो. सेन्सेईंनी शिकवलं तसं, कोण कुठे थांबलं ते बघत वाचली. तू प्रत्येक पत्रात काहीतरी सांगायला लागतेस आणि मध्येच "असो" म्हणून थांबतेस. आणि मी तुला दर वेळी उचलून माझ्या फलाटावर नेलं. तुला खोलीचं विचारायचं होतं, मी घर विकायचं ऐकलं.

मला काही माहीत नाही, ठकू. मी काही ओळखलेलंही नाही. म्हणून विचारतो आहे. जावई कुठे आहेत?

तुला लिहायला वेळ लागला तर लागू दे. मी मध्ये पत्र टाकणार नाही.

बाबा


२० ऑक्टोबर

बाबा,

तीन वेळा लिहिलं आणि फाडलं. हे चौथं.

ते मार्चमध्ये घर सोडून गेले. भांडण झालं असतं तर बरं वाटलं असतं, निदान काही आदळआपट झाली असती. एका रविवारी म्हणाले, मला आता एकत्र राहायचं नाही. कपडे घेतले, बूट घेतले, स्वयंपाकघरातला तो चांगला सुरा घेतला आणि गेले. सुऱ्याचा मला इतका राग आला की मी तीन दिवस त्याच्यावरच रडत होते. ऑगस्टमध्ये किल्ली टपालाने परत पाठवली. त्यासोबत एक ओळही नव्हती. म्हणून कुलूप बदललं, उगाचच. लॅबमध्ये, शेजारी, सगळ्यांना सांगितलंय की बाहेरगावी असतात. तुमच्या आजींसारखंच. ते वाचून मी कामावर गेलेच नाही त्या दिवशी.

तुम्ही इथे यावं म्हणून मी हट्ट धरला तो तुम्ही म्हातारे झालात म्हणून नाही. तुम्ही माझ्यापेक्षा धडधाकट आहात. मला संध्याकाळी घरात कुणीतरी हवं होतं, बाबा. कुलूप उघडून आत शिरलं की मी आधी घरातले सगळे दिवे लावते. पण "मला तुमची गरज आहे, या" असं म्हणायला तोंड उघडेना. म्हणून ती अट घातली. म्हणजे तुम्ही नापास झालात की आपोआप याल आणि मला मागावं लागणार नाही. तुम्ही नापास व्हावं असं मला खरंच वाटत होतं. आता लिहिताना त्याची लाज वाटते आहे.

मग वाटलं, मीच यावं तुमच्याकडे. तेव्हा खोलीचं विचारलं. झालं सांगून.

ठकू


२४ ऑक्टोबर

ठकू,

महिनाअखेरीला निघतो. परीक्षा गेली खड्ड्यात. सामान बांधायला घेतलं आहे. शब्दकोश चष्मेवालीला देऊन टाकतो, तिला उपयोग होईल. त्या माणसाबद्दल मला जे वाटतं ते कागदावर लिहिण्यासारखं नाही. तू फक्त दार उघडं ठेव.

बाबा


२७ ऑक्टोबर

बाबा,

यायचं नाही. हे पत्र जलद टपालाने पाठवते आहे, आणि शिंपीकाकांच्या दुकानातही फोन करून सांगितलं आहे की तुम्हाला पिशवी घेऊन निघताना पाहिलं तर अडवायचं. आलात तर दार उघडणार नाही, जिन्यात बसा.

आत्ता तुम्ही आलात तर ते हरून आल्यासारखं होईल. एक माणूस या घरातून सगळं अर्धं टाकून निघून गेला. दुसरा सगळं अर्धं टाकून इथे आलेला मला चालणार नाही. मग रोज सकाळी तुमचं तोंड बघून मला वाटेल की हे माझ्यामुळे झालं, आणि तुम्ही "छे छे" म्हणत राहाल. मला ते नको. तुम्ही म्हणाला होतात, मी सोडणार नाही. मग नका सोडू.

अट मोडली. पास व्हा नाहीतर नापास व्हा, त्यावर आता काही अवलंबून नाही. तरी परीक्षा द्यायची. शब्दकोश परत मागून घ्या, आजच्या आज.

आणि आता फोन करा. रोज, मी कामावरून आले की. मी बोलणार, तुम्ही ऐकायचं. तुमची तोंडी परीक्षा आहे ना, त्याचा सराव होईल. मध्ये बोललात की मी फोन ठेवणार.

ठकू


५ डिसेंबर

ठकू,

निकाल फोनवर सांगता आला असता, पण तिथे बोलायची पाळी तुझी असते. पाच आठवड्यांत तू सात वेळा माझ्यावर फोन आदळलास. शेवटच्या पंधरवड्यात एकदाही नाही, हे माझ्या बाजूने लिहून ठेव.

लेखी पेपर भयंकर होता. अग्रलेख पाणीटंचाईवर होता आणि वाचता वाचता माझ्याच तोंडचं पाणी पळालं. तरी एकही प्रश्न कोरा सोडला नाही. हात दुखेपर्यंत लिहिलं.

तोंडीला बाहेरच्या विद्यापीठातले एक परीक्षक होते, हडकुळे, चेहरा दगडी. प्रसंग असा दिला की मी कचेरीतला वरिष्ठ, ते माझ्या हाताखालचे. त्यांना रजा हवी आहे, पण सांगता येत नाहीये, आणि मी त्यांच्याशी बोलायचं. मी विचारलं, काही अडचण आहे का? ते म्हणाले, "पुढच्या आठवड्यात, जरा घरी..." आणि थांबले. घड्याळाकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं. मला पाठ केलेली वाक्यं आठवली, आजारपणाची, लग्नाची, घर बदलण्याची, एकापेक्षा एक. मी मान हलवली आणि बसून राहिलो. सेन्सेई कोपऱ्यात बसल्या होत्या, त्यांनी पेन खाली ठेवलं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग ते परीक्षक त्या प्रसंगातल्या माणसाच्या वतीने बोलायला लागले, आणि थांबेचनात. शेवटी त्यांनाच आठवलं की परीक्षा माझी आहे.

पास झालो. लेखीत अगदी काठावर, प्रकल्पात बरे, तोंडीत वर्गात दुसरा. पहिली चष्मेवाली. पुढच्या वर्गात माझी जागा पक्की झाली. तो जानेवारीच्या शेवटी सुरू होतो.

आता नीट ऐक, म्हणजे वाच. तू अट मोडलीस, पण मी मोडली नव्हती, तेव्हा मी जिंकलो. मी जिंकलो तर तू विषय काढायचा नाहीस एवढंच आपलं ठरलं होतं, पुढचं मी ठरवतो. मी शनिवारी येतो आहे. कायमचा नाही, वर्ग सुरू होईपर्यंत. नापास झालो म्हणून नाही, आणि तुझी कीव आली म्हणूनही नाही. माझ्या लेकीच्या घरी मला राहायचं आहे, एवढंच. जानेवारीत मी परत निघेन तेव्हा सोबत यायचं की तिथेच राहायचं ते तू ठरव, मी सुचवणार नाही.

स्थानकावर घ्यायला येऊ नकोस. कामावरून तुझ्या वेळेला ये. नवीन किल्ली तू पाठवलीच नाहीस, तेव्हा मी जिन्यात बसलेलो असेन, तूच सांगितलं होतंस तसा. आल्यावर बोलायचं असेल तर बोल. नसेल बोलायचं तर गप्प बस हवा तितका वेळ, मी पुढच्या वर्गाचं पुस्तक घेऊन येतोच आहे.

तुझा,
बाबा